जुनी इंजिनं आणि जुनी शेतीयंत्रं बघायला जाताना: खान्देशातल्या नवख्यांसाठी

पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक यंत्रासमोर उभे राहतात, पाटी वाचतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तासाभरात सगळं एकसारखंच दिसायला लागतं: काळं लोखंड, मोठं चाक, धूर. यंत्र बघण्याची एक रीत आहे आणि ती अवघड नाही. कोळसा, लाकूड किंवा डिझेल जिथे जळतं तिथून सुरुवात करायची. तिथला जोर कोणकोणत्या भागांतून जातो आणि शेवटी दाणा, रुई किंवा विहिरीचं पाणी यांच्यापर्यंत कसा पोचतो, ते बोटाने दाखवता येईल इतकं नीट बघायचं. ही वाट एका यंत्रावर सापडली की पुढची यंत्रं समजायला फार वेळ लागत नाही.

कुठे आणि कधी

खान्देशात जुनी यंत्रं बघायचा मोसम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कृषी प्रदर्शनं याच दिवसांत भरतात. एखाद्या प्रदर्शनात जुन्या इंजिनांची, ट्रॅक्टरांची रांग लागली असेल तर ती चुकवू नका. जळगाव, धुळे, अमळनेर, धरणगाव या कापसाच्या गावांतली जुनी जिनिंग-प्रेसिंगची (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याची) आवारंही बघण्यासारखी असतात. तिथे मालकाची परवानगी घेऊनच आत जायचं, कारण पडीक शेडच्या पत्र्यांचा आणि जमिनीतल्या उघड्या खड्ड्यांचा भरवसा नसतो. एप्रिल-मे मात्र टाळा. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा लोखंडाला हात लावणंसुद्धा अवघड होतं.

चालतं वाफेचं इंजिन आपल्याकडे दुर्मीळ आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. त्याचं मोठं कारण बॉयलर. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यापासून बॉयलरची नोंदणी आणि ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांचं भांडं त्या तपासणीत उतरवणं खर्चाचं काम आहे. त्यामुळे आपल्याकडे वाफेचं इंजिन बहुधा थंड, उभं दिसेल आणि तेलइंजिनं मात्र जिवंत, धडधडती. वाफेवर चालणारी रेल्वे इंजिनं बघायची असतील तर हरियाणातलं रेवाडीचं शेड आणि दार्जिलिंगची रेल्वे आहे. मुलगा-सून अमेरिकेत असतील आणि ऑगस्टअखेर तिकडे जाणं होणार असेल, तर आयोवा राज्यात माउंट प्लेझंट गावी १९५० पासून जुन्या मळणीयंत्रांचा आणि वाफेच्या इंजिनांचा मोठा मेळा भरतो. पुढे सांगितलेलं तिथेही तसंच लागू पडतं.

निघण्याआधी

अंगावर सुती कपडे घाला. नायलॉनवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. गळ्यातला गमछा, उपरणं, ओढणी, साडीचा मोकळा पदर, हातातली सैल कडी यांतलं काहीही फिरत्या चाकाजवळ नको. पदर खोचून घ्या, गमछा पिशवीत टाका. पायात बूट हवेत, चप्पल नको. कानांत घालायला इअरप्लग ठेवा, कारण बिनसायलेन्सरच्या इंजिनांच्या रांगेत दोन तास घालवले तर कान दिवसभर गुणगुणतात. लहान मूल सोबत असेल तर त्याचा हात सोडायचा नाही.

बॅटरी (टॉर्च), छोटी वही, पेन्सिल आणि हात पुसायला जुनं फडकं घ्या. वही कशाला, ते पुढे कळेल. काळ्या रानात भरलेलं प्रदर्शन असेल आणि आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला असेल, तर फोन करून चौकशी केल्याशिवाय निघू नका. आठ-दहा टनांचा रस्त्याचा रोलर किंवा ट्रॅक्शन इंजिन (स्वतःच्या चाकांवर चालणारं, ओझं ओढणारं वाफेचं इंजिन) ओल्या काळ्या मातीत आसापर्यंत रुततं. अशा वेळी संयोजक ती बाहेरच काढत नाहीत आणि ते बरोबरच असतं.

पोचण्याची वेळ

वाफेचं इंजिन पेटवणार असतील तर सकाळी सातच्या आत पोचा. थंड बॉयलरला वाफ धरायला दोन ते चार तास लागतात. घाई केली तर पत्रे आणि नळ्या कमी-जास्त फुगतात आणि सांधे गळायला लागतात. चांगला माणूस आधी पाण्याची पातळी बघतो, मगच काडी ओढतो. लाकडाने सुरुवात करून हळूहळू कोळशावर येतो. प्रदर्शनातला सर्वांत शिकण्यासारखा वेळ हाच असतो आणि गर्दी तेव्हा अजिबात नसते. दहा वाजता आलात तर इंजिन चालताना दिसेल, पण ते कसं जागं झालं ते दिसणार नाही. तेलइंजिनवाल्यांचंही तसंच. थंडीतली पहिली सुरुवात बघितली की त्या इंजिनाची तब्येत कळते.

वाफेचं इंजिन: काय बघायचं

पाणी उकळून वाफ झाली की उघड्यावर ती मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते. बंद भांड्यात तिला जागा मिळत नाही, म्हणून दाब चढतो. काट्यावर चौरस इंचाला १०० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ७ किलो दाब असेल तेव्हा आतली वाफ आणि पाणी सुमारे १७० अंश सेल्सिअसवर असतं. इंजिनाच्या अंगावर दिसणारं बाकी सगळं हा दाब सांभाळण्यासाठी किंवा कामाला लावण्यासाठी आहे.

सर्वांत आधी पाण्याची काच शोधा. चालकासमोर उभी काचेची नळी असते, वर एक तोटी, खाली एक आणि तळाला पाणी सोडायची तिसरी. नळीतलं पाणी म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी. चालत्या इंजिनात ते किंचित वर-खाली हलत असतं. एकदम स्तब्ध दिसलं तर वाट कचऱ्याने किंवा क्षाराने बुजली असण्याची शंका घ्यायची असते. जाणता चालक अधूनमधून तळाची तोटी उघडून काच रिकामी करतो आणि बंद केल्यावर पाणी झटकन परत चढतं का ते बघतो. हे पाच सेकंदांचं काम बघायला मिळालं तर थांबून बघा. इंजिनाभोवतीच्या सगळ्यांचा जीव त्यावर असतो.

कारण भट्टीच्या छताचा पत्रा. खाली आग, वर पाणी, अशी त्याची रचना. पाणी कमी होऊन तो पत्रा उघडा पडला की काही मिनिटांत लाल होतो, मऊ होतो आणि दाबाने आत फाटतो. म्हणून त्या छतात शिसं किंवा कथील भरलेलं एक बूच बसवलेलं असतं. पाणी उतरलं की बूच वितळून वाफ आगीवर पडते आणि चालकाला इशारा मिळतो. पण बुचावर क्षाराचा थर चढला तर तेही वेळेवर काम करत नाही. २९ जुलै २००१ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या मदिना गावी जत्रेच्या मैदानात एका ट्रॅक्शन इंजिनाचा बॉयलर फुटला आणि पाच माणसं गेली. कमी पाणी, झिजून पातळ झालेला छताचा पत्रा आणि निकामी झालेलं बूच ही त्यामागची कारणं होती. आपल्या विहिरींचं पाणी जड आहे, भांड्यात पांढरा थर धरणारं. तसं पाणी बॉयलरला घालणारा कोणी दिसला तर ते कसं मऊ केलं, हे जरूर विचारा. उत्तर देता आलं नाही तर त्या इंजिनापासून दूरच थांबा.

दुसरी बघायची गोष्ट सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की तो मोठ्या आवाजाने उघडतो. नवखे घाबरून पळतात, पण तो उघडतोय हे चांगलं लक्षण आहे. काटा लाल खुणेपुढे गेला आणि तरी व्हॉल्व्ह गप्प असेल, तर निघायची वेळ झाली. तिसरी गोष्ट, दाब असलेल्या बॉयलरमध्ये नवं पाणी कसं शिरतं. एक तर छोटा पंप असतो, नाहीतर इंजेक्टर. फ्रान्समधल्या जिफार याने १८५८ मध्ये शोधलेल्या या इंजेक्टरात हलता भागच नसतो. वाफेचीच जोरदार धार थंड पाण्याला ओढून पुन्हा बॉयलरात ढकलते. तो ‘धरला’, म्हणजे पाणी नीट ओढायला लागला, की खालच्या नळीतून ठिबकणारं पाणी थांबतं आणि बारीक सूर ऐकू येतो. धरला नाही तर चालक दोन-तीनदा तोट्या उघडझाप करतो. पुरवठ्याचं पाणी गरम झालं असेल तर इंजेक्टर हट्टाने धरत नाही. दुपारी उन्हात तापलेल्या टाकीमुळे आपल्याकडे हे हमखास व्हायचं.

आता सिलिंडर. वाफ पिस्टनला आधी एका बाजूने ढकलते, मग दुसऱ्या बाजूने. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात दोन फुसकारे ऐकू येतात. मोजून बघा. तेलइंजिनात दोन फेऱ्यांना एकच ठोका असतो. वाफेचं इंजिन शून्य वेगातून पूर्ण ताकदीने ओढू शकतं, म्हणून त्याला मोटारीसारखा क्लच लागत नाही.

सुरू करण्याआधी चालक सिलिंडरखालच्या छोट्या तोट्या उघडतो. थंड सिलिंडरात वाफेचं पाणी झालेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते आत राहिलं तर पिस्टन सिलिंडरचं झाकण फोडू शकतो. त्या तोट्यांतून उकळतं पाणी आडवं फेकलं जातं. इंजिन निघायच्या वेळी पुढच्या बाजूला, सिलिंडरच्या रेषेत उभं राहू नका. शिट्टी वाजली की इंजिन हलणार, हे धरून चाला. आणखी एक: नळीतून निसटणारी खरी वाफ दिसत नाही. पांढरा ढग दिसतो तो थंड होऊन पाण्याचे थेंब झालेला भाग असतो. ढग आणि नळी यांच्यामधली मोकळी दिसणारी जागा सर्वांत घातक, तिथे हात घालायचा नाही.

पाटीवर ६ किंवा ८ अश्वशक्ती वाचून नाराज होऊ नका. जुन्या वाफेच्या इंजिनांची ही ‘नावाची’ अश्वशक्ती सिलिंडरच्या मापावरून ठरवलेली असायची. पट्ट्यावर मोजलेली खरी ताकद त्याच्या कितीतरी पट निघते.

उभं, थंड इंजिन असेल तर बॅटरी उपयोगी पडते. भट्टीच्या दारातून आत बघा, नळ्यांची तोंडं आणि छताचा पत्रा दिसेल. पत्र्याला आधार देणारे आडवे-उभे खिळे मोजता येतात. हे चालत्या इंजिनात कधीच दिसणार नाही. जुन्या गिरणीत किंवा जिनमध्ये विटांच्या बांधकामात आडवा पडलेला प्रचंड नळकांड्यासारखा बॉयलर दिसला आणि त्याच्या तोंडाशी शेजारी शेजारी दोन आगीच्या नळ्या असल्या, तर तो लँकेशायर बॉयलर. एकच नळी असेल तर कॉर्निश.

तेलइंजिन: आपल्या विहिरीवरचं

खान्देशातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाफेपेक्षा तेलइंजिन जवळचं. वीज येण्याआधी मोटेची धाव बंद झाली ती याच इंजिनामुळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्यात सुरू झाली. राजकोटला लिस्टर धर्तीची इंजिनं मोठ्या संख्येने बनू लागली, आणि त्यांचे सुटे भाग मिळत राहिल्यामुळे ती आजही चालती सापडतात. मूळ इंग्लिश लिस्टर ६/१ म्हणजे ६ अश्वशक्ती, एक सिलिंडर, मिनिटाला ६५० फेरे. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, पिस्टनची चाल साडेपाच इंच. दोन्ही बाजूंना फ्लायव्हील, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारं जड चाक.

सुरू करताना काय काय होतं ते क्रमाने बघा. घाईत हे सगळं दोन मिनिटांत उरकतं.

१. तेलाची पट्टी बाहेर काढून ऑइल बघितलं जातं. रॉकर आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) यांच्या टोकांना हाताने तेल घातलं जातं.
२. टाकीचा नळ उघडून डिझेलच्या लाईनमधली हवा काढतात. बुडबुडे थांबेपर्यंत नट ढिला ठेवायचा, मग आवळायचा. इंजिन न लागण्याचं सर्वांत मोठं कारण हीच हवा.
३. पंपाचा दांडा हाताने वर-खाली करून नोझलपर्यंत (सिलिंडरात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या भागापर्यंत) डिझेल आणतात. कान जवळ नेलात तर नोझलमधून ‘चर्र’ असा करकरता आवाज येईल. आवाज करकरीत असेल तर नोझल चांगला. नुसती फुसफुस किंवा शांतता असेल तर नोझल गळतोय किंवा हवा अजून आहे.
४. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून हँडल मारतात. व्हॉल्व्ह उघडा असल्याने चाक सहज फिरतं. वेग आला की लिव्हर सोडायचा, पहिला ठोका पडतो आणि हँडल शाफ्टवरून काढून घ्यायचं.

हँडल धरताना जाणत्या माणसाचा अंगठा बघा. तो बोटांच्याच बाजूला असतो, मुठीसारखा उलट बाजूने गुंडाळलेला नसतो. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जावं, अंगठा आणि मनगट मोडू नये म्हणून. तुम्हाला हँडल मारून बघण्याची संधी दिली तर ही पकड आधी जमवा. हँडलाची खाच झिजलेली असेल तर ते सुटत नाही आणि इंजिनासोबत फिरायला लागतं. असं हँडल दिसलं तर नम्रपणे नाही म्हणा.

लागल्यावर धूर बघा. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर म्हणजे थंडीत न जळलेलं डिझेल, तो विरतो. विरलाच नाही आणि रेडिएटरचं किंवा टाकीचं पाणी घटत असेल, तर हेडच्या पॅकमधून (हेडखालच्या गास्केटमधून) पाणी आत जात असावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा भार जास्त. निरोगी इंजिनाचा धूर भार नसताना जवळजवळ दिसतच नाही. ६५० फेऱ्यांना मिनिटाला ३२५ ठोके, म्हणजे सेकंदाला पाचाहून थोडे जास्त. ठोक्यांची लय एकसारखी हवी. भार घातल्यावर गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) डिझेल वाढवतो तेव्हा आवाज जड होतो, पण फेरे फारसे पडत नाहीत. गव्हर्नर आळशी असेल तर इंजिन कधी पळतं, कधी बसतं. तेही कानांनी कळतं.

बंद करताना पंपाचं डिझेल तोडून बंद करतात. चालत्या इंजिनाचा डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून बंद करण्याची सवय अनेकांना आहे, पण ती वाईट. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक त्याने खराब होते.

जुन्या इंजिनाच्या हेडवर किंवा ब्लॉकवर वेल्डिंगची जाड रेघ दिसली तर तिची कथा बहुधा एकच असते. पाणी संपून इंजिन तापलं आणि कोणीतरी त्यावर विहिरीचं गार पाणी ओतलं. ओतीव लोखंड तडकतं. तापलेलं इंजिन बंद करून आपोआप थंड होऊ द्यायचं, मगच पाणी.

पट्टा आणि पुली

सगळ्यांत जास्त अपघात इथे होतात. इंजिनापासून मळणीयंत्रापर्यंत धावणारा सपाट पट्टा सुटला किंवा तुटला तर तो त्याच रेषेत फटकारतो. म्हणून पट्ट्याच्या सरळ रेषेत, पुढे किंवा मागे, कधीही उभं राहू नका. बाजूने, दोरीपलीकडून बघा. पट्ट्यावरून उडी मारून जाणाऱ्याच्या मागे तर मुळीच जाऊ नका.

बाजूने बघताना दोन गोष्टी टिपा. पुलीचा मधला भाग कडांपेक्षा किंचित उंच असतो, त्यामुळे पट्टा आपोआप मध्यावर राहतो. आणि पट्टा आठच्या आकड्यासारखा पिळून टाकला असेल तर दुसरं यंत्र उलट्या दिशेने फिरतं. पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ लावतात. जास्त लावली तर पट्टा चिकट होऊन धूळ धरतो आणि लवकर खराब होतो.

वेगाचा हिशेब तोंडी येतो. इंजिनाची पुली १२ इंच आणि फेरे ६५०, समोरच्या यंत्राची पुली ६ इंच, तर ते यंत्र १३०० फेऱ्यांनी फिरणार. घसरणीमुळे थोडं कमी. पुलीचा व्यास वहीत लिहून घेतला की कुठलं यंत्र किती वेगाने फिरवायचं होतं ते घरी बसून काढता येतं.

जिन: कापसाच्या मुलखाचं यंत्र

खान्देशात येऊन जिन न बघता जाऊ नका. आपल्याकडे रूढ झालेला प्रकार रोलरचा, फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने १८४० मध्ये काढलेल्या जिनच्या वंशातला. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेला रोलर फिरतो आणि कापसाचे तंतू धरून ओढतो. रोलरला जवळजवळ टेकलेलं एक स्थिर पातं सरकीला अडवतं आणि दुसरं हलतं पातं तिला ठोकून मोकळी करतं. रुई एका बाजूला पडते, सरकी खाली. पातं आणि रोलर यांच्यातलं अंतर बिघडलं की दोनच गोष्टी होतात: सरकी फुटून रुईत कण जातात किंवा सरकीला रुई चिकटून राहते. रोलर बंद असताना मूठभर सरकी हातात घेऊन बघा. अंगावर लांब तंतू राहिलेले दिसले तर जिन नीट लावलेला नव्हता. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. प्रेसवाला आजची गाठ १७० किलोची बांधतो.

जुन्या जिनात जमिनीखाली किंवा छताजवळ एक लांब शाफ्ट शोधा. एकाच वाफेच्या किंवा तेलाच्या इंजिनावर तो फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक जिनला वेगळा पट्टा. प्रत्येक जिनवर शेजारी शेजारी दोन पुल्या दिसतील. एक शाफ्टला पक्की, दुसरी मोकळी फिरणारी. एक जिन थांबवायचा तर पट्टा लाकडी दांड्याने मोकळ्या पुलीवर सरकवायचा. मुख्य इंजिन चालूच राहायचं. क्लचचं काम करणारी ही दोन पुल्यांची युक्ती बघितल्यावर त्या काळच्या कारागिराबद्दल मनापासून आदर वाटतो.

बैलांची अवजारं आणि ट्रॅक्टर

मोट मांडलेली असेल तर नाडा आणि सोंदूर वेगळे ओळखा. जाड नाडा मोटेचं तोंड उचलतो, बारीक सोंदूर सोंड धरतो. थारोळ्यापाशी (विहिरीकाठच्या कुंडापाशी) आल्यावर सोंडेतून पाणी आपोआप सांडतं. सुरतेकडून आलेलं ओलपाड मळणीयंत्र दिसलं तर त्याच्या तबकड्या मोजा. साधारण २० दातेरी तबकड्या, ४५ सेंटिमीटर व्यासाच्या, तीन रांगांत. बैल ते खळ्यात गोल फिरवत. लोखंडी नांगराजवळ थांबलात तर फाळ किती झिजलाय ते बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले. काळ्या रानातल्या हरळीशी झुंजलेला फाळ एका बाजूने जास्त खाल्लेला असतो.

ट्रॅक्टरांत आपल्याकडे इंटरनॅशनल बी-२७५ (महिंद्राने १९६३ पासून बनवलेला), फर्ग्युसन, आयशर आणि झेटर धर्तीचे एचएमटी यांची भर. इथे एकच सल्ला: रंगावर जाऊ नका. नुकत्याच मारलेल्या चकचकीत रंगाखाली पुट्टी असते. जुना, फिकट पण मूळचा रंग आणि जागच्या जागी असलेली पितळी पाटी यांची किंमत जाणकाराला कळते.

माणसांशी बोलताना

यंत्राजवळ बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला आप्पा, नाना म्हणून हाक मारा आणि कामात नसताना विचारा. इंजिनात कोळसा टाकताना किंवा पट्टा चढवताना प्रश्न नको. ‘हे केवढ्याला देता?’ हा पहिला प्रश्न नसावा. त्यापेक्षा हे विचारा: हे आधी कुठल्या विहिरीवर, कुठल्या कामावर होतं? शेवटचं कधी बंद पडलं आणि का? कुठला भाग नव्याने बनवावा लागला, कोणाकडून? या प्रश्नांना लांब उत्तरं मिळतात.

वहीत पाटीवरचं सगळं उतरवा: बनवणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, अश्वशक्ती, फेरे. पितळी पाट्या चोरीला जातात, त्यामुळे तुमच्या वहीतली नोंदच पुढे कामी येऊ शकते. पाटी नसेल तर ब्लॉकवरची ओतीव अक्षरं बघा. रंगाच्या थरात दबलेली असतात, बॅटरीचा उजेड तिरपा धरला की उठून दिसतात. फोटोपेक्षा ३० सेकंदांचा आवाजासह व्हिडिओ जास्त कामाचा. आधी भार नसताना, मग भारावर. दुपारी भूक लागली तर हंगामातलं भरीत-भाकरी कुठेही मिळतं, पण भारावर चालणारी प्रात्यक्षिकं बहुधा जेवणाआधी उरकतात, म्हणून ती बघूनच जेवायला जा.

घरी खळ्यात पडलेलं इंजिन

असा एक दिवस घालवल्यावर बऱ्याच जणांना आपल्याच मळ्यातलं गंजलेलं इंजिन आठवतं. भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी एवढं करून बघा. पाटीचा आणि चारी बाजूंचा फोटो काढा. हँडलाने चाक फिरतं का बघा. फिरत नसेल तर ओढाताण करू नका आणि पिस्टनवर घण तर अजिबात घालू नका. नोझल काढून त्या भोकातून सिलिंडरात रॉकेल आणि ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ओता आणि आठवडाभर मुरू द्या. मग फ्लायव्हीलला हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. केसभर जरी हललं तरी रोज तेवढंच करत राहा, दर दोन-तीन दिवसांनी मिश्रण पुन्हा घाला. सुटलं की लगेच सुरू करायची घाई नको. आधी सगळं जुनं ऑइल काढा, खालचं झाकण उघडून गाळ पुसून घ्या, पाण्याच्या जागेतला क्षार काढा. नोझल चांगल्या फिटरकडून तपासून घ्या आणि नोझल न बसवता चाक बराच वेळ हाताने फिरवा. भोकातून उडणाऱ्या तेलासमोर तोंड नेऊ नका. ओतलेलं मिश्रण पूर्ण बाहेर पडल्यावरच नोझल लावा. ते आत साठून राहिलं तर पहिल्याच ठोक्याला इंजिन बेफाम पळू शकतं, म्हणून पहिल्या सुरुवातीला हवेची वाट बंद करायला एक जाड सपाट फळी हाताशी ठेवा.